ऑर्केस्ट्रा आणि चेंबर म्युझिकमधला फ्लूटवादक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लूट शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि बासरीकडून फ्लूटकडे वळलेले वादक सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मी बासरी वाजवतो. मग फ्लूट लवकर येईल ना?

फुंक आणि कान हे दोन्ही तयार असतील, आणि तो मोठाच फायदा आहे. बाकी बरंच नव्याने शिकावं लागतं. आजचा फ्लूट म्युनिकच्या थिओबाल्ड बोमने १८४७ मध्ये बसवलेल्या रचनेवर उभा आहे: सरळ नळी, मोठी भोकं, त्यांवर चाव्या. बारा स्वर सारख्या ताकदीने वाजावेत म्हणून त्याने भोकं बोटांना सोयीच्या जागी न ठेवता स्वराच्या हिशेबाने पाडली आणि चाव्यांनी बोटं तिथवर पोचवली. त्यामुळे बासरीसारखं बोट सरकवून मींड काढायची सोय इथे जवळपास नाही. बोटं सपाट न ठेवता वाकवून, पेराच्या टोकाने ठेवायची. बासरी डाव्या बाजूला धरून वाजवता येते, फ्लूट मात्र उजवीकडेच धरावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचण्यात आणि रिकाम्या मात्रा मोजण्यात. ऐंशी मात्रा गप्प बसून एक्क्याऐंशीव्या मात्रेला नेमकं यायचं, ही सवय मैफलीतून लागत नाही.

२. एका ऑर्केस्ट्रात किती फ्लूटवादक असतात?

मोझार्टच्या काळातल्या संगीताला एक किंवा दोन, देब्युसी आणि रॅव्हेलला तीन, कधी चार. कायमस्वरूपी ऑर्केस्ट्रात साधारण तीन ते पाच खुर्च्या असतात. प्रिन्सिपल फ्लूटकडे (मुख्य वादकाकडे) एकल जागा, सेकंड फ्लूटकडे खालची बाजू, एकाकडे मुख्यतः पिकोलो (छोटा, वरच्या सप्तकाचा फ्लूट), आणि मोठ्या ठिकाणी दुसरा प्रिन्सिपल किंवा सहायक.

सेकंड फ्लूट म्हणजे कमी दर्जाची खुर्ची, हा समज चुकीचा आहे. खालच्या सप्तकात, अगदी हळू आवाजात, दुसऱ्याच्या सुराखाली आपला सूर बसवायचा हे फार कठीण काम आहे. वरचा वादक कुठे श्वास घेणार हे सेकंडला आधी कळावं लागतं. दोघांनी एकदम श्वास घेतला की ओळीत खड्डा पडतो.

३. अशा जागा निघतात तरी किती?

फार थोड्या, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. जर्मनीचं उदाहरण घ्या, कारण सार्वजनिक पैशावर चालणारे इतके ऑर्केस्ट्रा दुसऱ्या देशात नाहीत. तिथे असे सुमारे १३० व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आहेत. प्रत्येकी तीन-चार खुर्च्या धरल्या तरी सगळ्या देशात फ्लूटच्या चारशे-पाचशे जागा होतात. एकदा माणूस बसला की पंचवीस-तीस वर्षं उठत नाही. व्हायोलिनच्या जागा याच्या कितीतरी पट असतात. म्हणून ऑर्केस्ट्राबरोबर शिकवणं, चेंबर म्युझिक (प्रश्न १५) आणि बदली वादकाचं काम, हे चारही रस्ते पहिल्यापासून चालू ठेवावे लागतात.

४. मुलगी नववीत आहे, दोन वर्षं फ्लूट शिकतेय. उशीर झाला का?

नाही, पण वेळ मोजकाच आहे. फ्लूटला फुप्फुसाची ताकद आणि हाताची लांबी लागते, त्यामुळे व्हायोलिनसारखी चौथ्या-पाचव्या वर्षी सुरुवात होत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी वाकवलेला हेडजॉइंट (फुंकायचं भोक असलेला वरचा भाग) मिळतो, बाकीची बहुतेक मुलं नऊ ते बारा या वयात सुरू करतात.

परदेशी कॉन्झर्वेटरीचा (संगीत महाविद्यालयाचा) प्रवेश अठरा ते वीसच्या दरम्यान होतो. तोवर सगळे मेजर-मायनर स्केल तीन सप्तकांत पाठ, मोझार्टची एक कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) पूर्ण आणि बाखचा एखादा तुकडा स्वच्छ हवा. वयाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: १९७० मध्ये जन्मलेला एमान्युएल पाहुद १९९३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रिन्सिपल झाला. हा अपवाद खरा, पण ऑडिशनच्या रांगेत पंचवीस-तीस वर्षांचेच लोक भरपूर असतात.

५. पहिला फ्लूट कुठला घ्यावा? उघड्या भोकांचा घेऊ का?

सुरुवातीला बंद चाव्या, ऑफसेट जी (जी स्वराची चावी रांगेतून जरा बाहेर काढलेली) आणि सी फूट (खालच्या सीपर्यंत जाणारा शेवटचा भाग). डाव्या हाताची अनामिका लहान असेल तर ऑफसेट जीमुळे मनगट वळत नाही. यामाहाचा वायएफएल-२२२ याच घडणीचा आहे आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा, कारण स्वस्त बिननावी फ्लूटच्या चाव्यांचा धातू मऊ असतो आणि त्या पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागतात.

मुलगा खरंच पुढे जाणार असं दिसलं की पैसे आधी हेडजॉइंटवर घालावेत. आवाजाचा मोठा भाग तिथे ठरतो. हेडजॉइंट चांदीचा, बाकी नळीवर चांदीचा मुलामा, ही मधली पायरी पुष्कळांना कॉलेजच्या दारापर्यंत पुरते. उघडी भोकं आधुनिक संगीतात कामाला येतात. ती आधी प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद ठेवून एकेक उघडावीत. सोन्याच्या फ्लूटचा विचार नोकरी लागल्यावर करावा.

६. ग्रेड ८ झाली. आता मी व्यावसायिक पातळीवर आहे का?

एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा मंडळांची आठवी ग्रेड म्हणजे कॉन्झर्वेटरीच्या दाराशी पोचणं. परीक्षेत तयार तुकडे तुमच्या लयीत वाजवायचे असतात आणि पियानो तुमच्या मागे येतो. ऑर्केस्ट्रात तुम्ही कंडक्टरच्या, ओबोच्या आणि सेकंड बासूनच्या मागे जाता. एटीसीएल, एलटीसीएल यांसारखे त्यापुढचे डिप्लोमा शिकवणीसाठी चांगले, पण ऑडिशनच्या पडद्यामागे बसलेल्यांना तुमचं प्रमाणपत्र दिसत नाही.

त्यामुळे आठवीनंतर लगेच कुठल्याही गटात बसा. चार फ्लूटचा गट चालेल, हौशी स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा चालेल, चर्चमधला चालेल.

७. परदेशात शिकायचं तर खर्च कसा झेपवायचा?

जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांमध्ये शिक्षण शुल्क नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी असते. बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्य हा एक ठळक अपवाद आहे. तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा, आणि जर्मन भाषेची परीक्षा टळत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट १९२८ पासून कुणाकडूनही शिकवणी शुल्क घेत नाही, पण तिथे फ्लूटच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या.

शाळेच्या नावापेक्षा शिक्षक निवडा. अर्ज करण्याआधी त्या शिक्षकाकडे एक धडा घेऊन यावा, निदान ऑनलाइन तरी. शिक्षण संपत आलं की अकादमी असतात: कंडक्टर कारायानने १९७२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसाठी सुरू केलेली अकादमी, मायामीची न्यू वर्ल्ड सिम्फनी वगैरे. तिथे विद्यावेतन घेत खऱ्या ऑर्केस्ट्राचं काम शिकता येतं.

८. ऑडिशनमध्ये नेमकं काय होतं?

जाहिरात येते, अर्ज जातो, बोलावणं आलं तर तुकड्यांची यादी मिळते. पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी मोझार्टच्या जी मेजर किंवा डी मेजर कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागाची सुरुवात असते, बऱ्याचदा पडद्याआड. वाजवायला मिनिटं मोजकी मिळतात. अमेरिकेत वादकाच्या बुटांच्या आवाजावरून काही ओळखू येऊ नये म्हणून चालायच्या वाटेवर गालिचा घालण्याची पद्धत आहे. पुढच्या फेरीत दुसरी कॉन्चेर्टो, उदाहरणार्थ इबेर, नील्सन किंवा रायनेके, आणि मग ऑर्केस्ट्राचे तुकडे. जर्मनीत गटातले वादक ऐकतात आणि मतं देतात. ब्रिटनमध्ये दोन-चार जणांना आळीपाळीने आठवडाभर ऑर्केस्ट्रात बसवून पाहतात, आणि हा प्रकार कधीकधी वर्षभर लांबतो.

माणसं बाद होतात ती बहुधा पहिल्या दोन मिनिटांत, आणि क्वचितच चुकीच्या स्वरामुळे. लय ढळते, सूर पियानोच्या वर जातो, किंवा तिसऱ्या सप्तकात आवाज पातळ होतो. पियानोवादकाबरोबर तालीम मिळत नाही असं धरूनच जा. लय सांगायची असेल तर पहिल्या श्वासातून सांगा.

९. कुठले तुकडे तयार हवेतच? आणि ते का विचारतात?

प्रत्येक तुकडा एकेका दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो.

मेंडेल्सनच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला स्केर्झो: तीन-आठच्या मापात (माप म्हणजे दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा गट, इथे तीन छोट्या मात्रांचा), मिनिटाला सुमारे ८४ मापं, प्रत्येक मापात सहा स्वर. म्हणजे सेकंदाला आठाहून जास्त स्वर, तेही हलक्या तुटक जिभेने, आणि श्वासाला सोयीची जागा जवळजवळ नाही. इथे दोन गोष्टी बिघडतात. जलद तुटक स्वरांसाठी जिभेने आलटून पालटून तु-कु-तु-कु करताना ‘कु’ कमजोर पडतो, म्हणून रोज पाच मिनिटं नुसत्या ‘कु’वर स्केल वाजवावेत. दुसरं म्हणजे खालच्या सप्तकात फ्लूट उशिरा बोलतो, मग वादक घाईने जोर लावतो आणि लय पळते. साठ मापांपासून सुरू करून दर दोन दिवसांनी दोन मापं वाढवा. श्वासाच्या जागा पेन्सिलीने एकदाच ठरवा आणि त्या बदलू नका.

देब्युसीच्या ‘प्रेल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन’ची सुरुवात: एकट्या फ्लूटने, हळू आवाजात, मधल्या सी शार्पवर. हा स्वर जवळपास सगळ्या चाव्या उघड्या ठेवून निघतो, म्हणून तो पोकळ आणि चढा असतो. उजव्या हाताची मधली बोटं हळूच दाबली की सूर थोडा उतरतो आणि आवाजाला अंग येतं. आपल्या फ्लूटवर कुठली दोन किंवा तीन बोटं चालतात ते ट्यूनर लावून शोधा. पंधरा-वीस सेकंदांची ओळ एका श्वासात जावी असा आग्रह असतो, पण श्वास संपता संपता सूर खाली घसरण्यापेक्षा एक लपवलेला श्वास चांगला.

ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीच्या शेवटच्या भागातला संथ सोलो मात्रा आतून किती सांभाळता ते दाखवतो. साथीचे स्वर मात्रेच्या मधे पडतात, त्यामुळे रंगात येऊन ओढलं की मागचे सगळे लटकतात. प्रोकोफिएव्हच्या क्लासिकल सिम्फनीत वरच्या सप्तकातली चपळाई, बेथोव्हेनच्या लिओनोरा ओव्हर्चर क्रमांक ३ मध्ये स्वच्छ उड्या, रॅव्हेलच्या ‘डाफ्निस’मध्ये लांब दमाचा रंग. सगळे तुकडे पूर्ण संगीताबरोबर ऐका आणि त्यावेळी खाली कोण वाजवतंय ते स्वरलिपीत लिहून ठेवा.

१०. रोज किती तास रियाज?

कॉलेजच्या वयात तीन ते चार तास, पंचेचाळीस मिनिटांच्या तुकड्यांत. त्यापुढे ओठ दमतात आणि दमलेल्या ओठांनी वाईट सवयी पक्क्या होतात. पहिला अर्धा तास लांब स्वर: एका स्वरावर हळू ते मोठा ते हळू, सूर न हलवता. फ्लूटवर जोर वाढला की सूर चढतो आणि कमी झाला की उतरतो, तो ओठांनी आणि फुंकेच्या कोनाने सावरायचा.

तंबोरा लावून केलेला रियाज इथे सोन्यासारखा आहे, त्याचं कारण १२व्या उत्तरात.

११. पहिली फेरी रेकॉर्डिंगवर आहे. काय काळजी घ्यावी?

एकच सलग टेक, मधे कापाकापी नाही, कारण ऐकणाऱ्याला जोड ओळखू येतो. माइक दोन-अडीच मीटरवर, डोक्याच्या उंचीपेक्षा थोडा वर आणि फुंकेच्या थेट समोर नको. फोनचं ऑटो गेन आणि नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर तुमचा हळू आवाज मोठा होऊन येतो. पंखा बंद, पूर्ण बंद. छताच्या पंख्याची पाती आवाज कापतात आणि रेकॉर्डिंगवर नसलेला कंप ऐकू येतो. मुंबईत मे महिन्यात हे जड जातं, तर पहाटे रेकॉर्ड करा आणि त्याआधी फ्लूट पंधरा मिनिटं वाजवून गरम करा. पियानो आदल्या दिवशी ट्यून करून घ्या.

१२. ट्यूनरवर बरोबर दाखवतं, तरी गटात सूर लागत नाही. का?

कारण ट्यूनर समान अंतराचे बारा स्वर दाखवतो आणि गट शुद्ध स्वरसंगतीत वाजवतो. मेजर कॉर्डमधला तिसरा स्वर तुमच्याकडे असेल तर तो ट्यूनरपेक्षा सुमारे १४ सेंट खाली हवा (बारा स्वरांतल्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). पाचवा असेल तर सुमारे २ सेंट वर. हा खाली उतरलेला तिसरा स्वर म्हणजे चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार. ज्यांनी तो लहानपणापासून ऐकलाय त्यांच्या कानात तो आधीच आहे. फक्त आपला स्वर कॉर्डमध्ये गंधार आहे की पंचम, हे वाजवण्याआधी माहीत हवं. म्हणून आपल्या पार्टवर अशा जागी खुणा करा.

मग तापमान. हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंट चढतो, तारा मात्र उष्णतेने उतरतात. थंडगार एसी हॉलमध्ये बरोबर उलटं होतं: तुम्ही दोनशे मात्रा गप्प बसता, फ्लूट गार पडतो आणि पहिलाच स्वर खाली लागतो. उपाय म्हणजे आवाज न करता नळीत गरम श्वास सोडत राहणं. हेडजॉइंट साधारण ३ ते ६ मिलिमीटर बाहेर ओढलेला असावा, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा राहते. आजचे बरेच फ्लूट ए=४४२ (ए स्वराची सेकंदाला ४४२ कंपनं) धरून घडवलेले असतात, ४४० वर वाजवायचं तर आणखी थोडं ओढावं लागतं. तरीही सगळाच फ्लूट सतत चढा किंवा उतरलेला असेल तर बूच पाहा (प्रश्न १३).

१३. पावसाळ्यात चाव्या चिकटतात. पावडर लावू का?

नको. पावडर ओलाव्यात गोळा होते आणि पॅड कडक करते. पॅड म्हणजे नमद्यावर ताणलेला अगदी पातळ पापुद्रा. तो दमटपणाने फुगतो. सिगारेटचा कागद, गोंद नसलेल्या बाजूने, चावीखाली ठेवा, चावी हलकेच दाबा, दहा सेकंद थांबा, चावी सोडा आणि मग कागद काढा. चावी दाबलेली असताना कागद ओढला तर पापुद्रा फाटतो.

वाजवून झाल्यावर तिन्ही भाग आतून पुसा आणि ओलं फडकं पेटीच्या आत ठेवू नका. हीच चूक सगळ्यात जास्त होते. खालचा डी आणि सी हळू आवाजात न दाबता निघत नसेल तर कुठेतरी हवा गळते आहे. बोटांनी जोर लावून काम चालवलं की चाव्या वाकतात. वर्षातून एकदा तपासणी करून घ्या.

हेडजॉइंटच्या टोकाचं बूच तोंडाच्या भोकाच्या मध्यापासून १७ मिलिमीटरवर असतं. पुसायच्या दांडीवरची रेघ भोकाच्या बरोबर मध्यात दिसली पाहिजे. टोकाची टोपी सहज चाळा म्हणून फिरवू नका, त्याने बूच सरकतं आणि तिन्ही सप्तकांचं आपसातलं नातं बिघडतं.

१४. पिकोलो शिकलो तर काम जास्त मिळतं का?

हो, आणि बदली वादकाचे बहुतेक फोन त्यासाठीच येतात. पिकोलो लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो, बोटं तीच, पण ओठांची जागा इतकी बारीक की फ्लूटची सवय उपयोगी पडत नाही. ऑडिशनला विवाल्डीची सी मेजर कॉन्चेर्टो (आरव्ही ४४३), रोसिनीची ‘सेमिरामिदे’ ओव्हर्चर, चायकोव्हस्कीची चौथी सिम्फनी हमखास येतात. रोज वीस मिनिटं पुरे, आणि ती फ्लूटच्या रियाजानंतर. कानांबद्दल १६ पाहा.

१५. चेंबर म्युझिक म्हणजे काय, आणि त्यावर घर चालतं का?

कंडक्टरशिवाय, एका ओळीला एकच वादक. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बासून यांचं विंड क्विंटेट हे फ्लूटचं घर. रायखापासून नील्सन (१९२२), हिंडेमिथ (१९२२) आणि लिगेटीच्या सहा बागातेलपर्यंत त्याचं साहित्य पसरलंय. मोझार्टची तारांबरोबरची क्वार्टेट्स, देब्युसीची फ्लूट, व्हिओला आणि हार्पची सोनाटा (१९१५), आणि शोनबर्गच्या ‘पिएरो’ने (१९१२) रूढ केलेला पाच वाद्यांचा गट हेही आहेत. पॅरिसमध्ये पॉल टाफानेलने १८७९ मध्ये वायुवाद्यांच्या चेंबर म्युझिकसाठी खास संस्था काढली, तिथून या साहित्याला नवी पालवी फुटली.

घर मात्र फारच थोड्यांचं चालतं. गट टिकतात ते सभासदांना ऑर्केस्ट्राची किंवा शिकवण्याची नोकरी असते म्हणून. तरीही हे सोडू नका. सूर, श्वास आणि इशारा ही तिन्ही कामं इथे इतरांच्या डोळ्यांत पाहून शिकता येतात, आणि ऑर्केस्ट्रातल्या प्रिन्सिपलला रोज तेच लागतं.

गट बांधताना पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी कागदावर आणा: पैशांची वाटणी, कार्यक्रम रद्द झाला तर काय, आणि एखादा गट सोडून गेला तर गटाचं नाव कोणाचं.

१६. मान आणि अंगठा दुखतो, कानात शिट्टी वाजते. सहन करावं का?

अजिबात नाही. फ्लूट आडवा, शरीर वळलेलं, म्हणून डावा खांदा आणि मान आवळतात. पाय थोडे उजवीकडे वळवून उभे राहा आणि डोकं डावीकडे फिरवा, फ्लूटच्या मागे मान नेऊ नका. उजव्या अंगठ्याने फ्लूट उचलायचा नसतो, फक्त टेकवायचा. डाव्या तर्जनीच्या मुळाशी खोल वण पडत असेल तर पकड घट्ट आहे. बोटं मनाविरुद्ध वाकायला लागली तर रियाज वाढवू नका, तो थांबवून मेंदूविकार तज्ज्ञाकडे जा.

पिकोलोचा आवाज उजव्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो. संगीतकारांसाठी कानाच्या मापाने बनवलेले इअरप्लग ९, १५ किंवा २५ डेसिबल कमी करतात. घरच्या रियाजात निदान उजव्या कानात १५ चा घाला.

१७. दातांना तारा लावायच्या आहेत. फ्लूट सोडावा लागेल का?

नाही. दोन ते सहा आठवडे आवाज फुटका येतो, कारण ओठाखालची पातळी बदलते. फ्लूट किंचित खाली ठेवा, दाब कमी करा, टोचणाऱ्या जागी दंतवैद्याचं मेण लावा. तारा काढल्यावर पुन्हा तितकेच दिवस जातात, म्हणून दोन्ही तारखा ऑडिशनपासून दूर ठेवायला सांगा.

१८. भारतात या कामाला जागा आहे का?

मोजकी आहे. मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ मध्ये सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा देशातला व्यावसायिक ऑर्केस्ट्रा. त्याच्या मोसमांत बाहेरदेशीचे बरेच वादक येतात. बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राची परंपरा १९६२ पासूनची. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या पिढ्यांनीच एकेकाळी मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद भरले, आणि पणजीत कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण मिळतं. सैन्यदलांच्या बँडमध्ये फ्लूट आणि पिकोलोची पगारी नोकरी असते. त्यांचं प्रशिक्षण पचमढीला होतं. हा रस्ता फारसा कुणी सुचवत नाही, पण रोजचं वाजवणं देणारा तो आहे, आणि २०२२ च्या अग्निपथ भरतीआधी पेन्शनही देणारा होता.

बाकी उत्पन्न शिकवण्या आणि रेकॉर्डिंगचं. पाहिल्याबरोबर वाचता येणं ही तिथली पहिली अट.

१९. ऑडिशन जिंकलं, पण वर्षाने नोकरी पक्की झाली नाही. असं का होतं?

जर्मनीत साधारण एक ते दीड वर्ष, अमेरिकेत एक-दोन मोसम तुम्ही परीक्षाकाळात असता. त्यात कुणी तुमची सेकंदाला आठ स्वरांची चपळाई पाहत नाही. ओबोचा ए ऐकून लगेच जुळता का, शेजाऱ्याच्या आवाजात मिसळता का, तालमीला पंधरा मिनिटं आधी बसलेले असता का, चूक झाली तर मागे वळून पाहता का, हे पाहतात. पहिल्या महिन्यात स्वतःहून शेजाऱ्याला विचारा: “मी चढा वाजतोय का?” वर्ष संपताना विचारून उपयोग होत नाही.

२०. विमानातून वाद्य न्यायला परवाना लागतो का?

धातूच्या फ्लूटला नाही. तो हातातल्या बॅगेतच न्या, सामानात देऊ नका. छोटे स्क्रूड्रायव्हर मात्र सामानात टाका. पिकोलो बहुधा ग्रेनाडिला लाकडाचा असतो. ते झाड डाल्बर्जिया गटातलं, आणि २०१७ मध्ये या गटावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. नोव्हेंबर २०१९ पासून पूर्ण तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुड मात्र या सुटीत येत नाही, त्यामुळे जुनं लाकडी वाद्य विकत घेताना लाकडाचं नाव पावतीवर लिहून घ्या आणि पावतीची प्रत पेटीतच ठेवा.